हृदयाचे काम आणि हृदयाची सुट्टी



चालकांनी आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही हमालीचे दर, माथाडी कायदा किंवा फार झाले तर चळवळीतल्या आठवणी यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही 'हृदय' असे उत्तर दिले. त्यांना वाटले, आता हा गृहस्थ संतवाणीकडे वळला. नामदेवांची नर्सी येथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा ती शंका अगदीच अस्थानी नव्हती. परंतु आम्हांला बोलावयाचे आहे ते छातीतल्या मुठीएवढ्या मांसल पिशवीविषयी. ती कशाच्या जोरावर चालते, तिला हुकूम कोण देतो आणि ती विसावा केव्हा घेते, हा आजचा विषय.

यात आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढची सारी वर्षे मोंढ्यात गेली, आधी पोत्याखाली आणि मग संघटनेच्या कामात. जे थोडे वाचले ते आडतीच्या ओट्यावर आणि रात्री वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. समोर डॉक्टर मंडळी बसली आहेत. कोठे चुकलो तर त्यांनी खुशाल कान धरावा. पण या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्या हातून एक माणूस गेला, म्हणून वळलो.

ही गोष्ट १९९४ सालची. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि गोदामातली जुनी थप्पी हलवावयाचे काम निघाले होते. आमच्या टोळीतल्या एका जोडीदाराने खालच्या पोत्याखाली हात घातला आणि झटक्यासरशी मागे घेतला. लाल विंचू होता. गडी दणकट, वय तीसच्या आत. ओरडला नाही, रडला नाही. 'फार दुखत नाही,' म्हणाला. आम्ही तेव्हा टोळीचे पुढारपण नुकतेच करू लागलो होतो. आम्ही ठरवले की, दुखत नाही म्हणजे विंचू चढलेला नाही. दवाखान्यात नेले तर दिवसाची मजुरी बुडेल. म्हणून विंचू उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे त्याला नेऊन बसवले.

थोड्या वेळाने तो घामाने इतका भिजला की अंगातला सदरा पिळून काढावा. मग दोनदा ओकला. हातपाय गार पडले. म्हातारा म्हणाला, विष बाहेर पडते आहे. आम्हांलाही तेच पटले. असे चार तास गेले. रात्री त्याला दम लागला, आडवे होता येईना, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येऊ लागला. तेव्हा कोठे जीपगाडी पाहिली. मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता.

तेथल्या डॉक्टरांनी आम्हांला रागे भरले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "घाम केव्हापासून होता?" आम्ही सांगितले. मग त्यांनी हृदयाच्या आलेखाची कागदी पट्टी आमच्या हातात दिली आणि म्हणाले, "याच्या हृदयाला सुट्टी मिळाली नाही हो. थकून गेले ते." संघटनेच्या माणसाला 'सुट्टी' हा शब्द लागतो. पट्टीवरच्या रेघा आम्हांला कळल्या नाहीत, पण ते वाक्य घेऊन आम्ही परत आलो. ते नीट कळावे म्हणून पुढे जे वाचले, त्याचा सारांश आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न असा की, हृदयाला हलवतो कोण? आपला हात मेंदूच्या हुकमाने हलतो; मज्जातंतू तुटला की हात लुळा पडतो. हृदयाचे तसे नाही. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून योग्य त्या पाण्यात ठेवले तर ते कितीतरी वेळ एकटेच धडधडत राहते. मेंदू त्याला जलद किंवा सावकाश चाल एवढे सांगू शकतो, पण चालण्याची प्रेरणा त्याची स्वतःची असते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानसा ठिपका आहे, तो मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेचा इशारा देतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या दोघांनी तो १९०७ साली दाखवून दिला. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी माणसाने वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली गाठ शोधली होती. वरून आलेला इशारा या गाठीत सुमारे सेकंदाचा दहावा भाग थांबतो. तेवढ्यात वरचे कप्पे आपले रक्त खाली ओततात, आणि मग इशारा खालच्या मोठ्या कप्प्यांत धावतो. गाडीवर पोती चढवताना वरचा गडी आणि खालचा गडी एकाच क्षणी ओढू लागले तर पोते मध्येच फाटते, हे आम्हां हमालांना सांगावयास नको. तो थांबा त्यासाठीच आहे.

मुख्य ठिपका बंद पडला तर ही मधली गाठ स्वतः हुकूम देऊ लागते, पण सावकाश, मिनिटाला चाळीस ते साठ. तीही गेली तर खालचे तंतू वीस ते चाळीसच्या चालीने कसाबसा गाडा ओढतात. अशा माणसांना पुष्कळदा छातीत पेसमेकर नावाचे यंत्र बसवतात, ते हा इशारा देण्याचेच काम करते.

दुसरा प्रश्न, ही वीज येते कोठून? तारा नाहीत, बॅटरी नाही. ही वीज खारट पाण्यातून येते. १८८२-८३ मध्ये लंडनला सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत होते. मिठाच्या पाण्यात हृदय छान चालत होते. पुढे कळले की ते पाणी शुद्ध केलेले नव्हते, शहराच्या नळाचेच होते. मग मुद्दाम शुद्ध पाणी घेऊन मीठ घातले, तर हृदयाचा जोर ओसरून ते थांबले! नळाच्या पाण्यात होता चुना, म्हणजे कॅल्शियम. आपल्या बोअरचे पाणी तापवले की भांड्याला पांढरा थर बसतो ना, त्यातलाच तो पदार्थ. किंचित कॅल्शियम आणि किंचित पोटॅशियम घातले की हृदय पुन्हा चालू लागले. तेव्हा हृदयाच्या विजेचे मुख्य धनी तीन: मिठातले सोडियम, केळ्यात आणि नारळपाण्यात भरपूर असते ते पोटॅशियम, आणि चुन्यातले कॅल्शियम. पाण्यात विरघळले की यांचे कण विद्युत्भारित होतात. त्यांना आयन म्हणतात. आयन वाहू लागले की वीज वाहते.

आता हे वाहतात कसे ते पाहू. हृदयाची प्रत्येक पेशी म्हणजे एक गोदाम समजा. तिच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहा-पंधरा पट असते. आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तीस-पस्तीस पट असते. कॅल्शियम तर आतल्याहून बाहेर सुमारे दहा हजार पट. हा फरक आपोआप राहत नाही. पेशीच्या पडद्यात एक पंप आहे, तो दर खेपेला सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. येन्स स्कू या डॅनिश शास्त्रज्ञांनी १९५७ साली तो ओळखला; त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप रात्रंदिवस चालतो आणि त्याला इंधन लागते. त्याच्या या हमालीमुळे आणि पोटॅशियमच्या थोड्या झिरपण्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंत सुमारे नव्वद मिलिव्होल्टचा दाब राहतो. टॉर्चच्या एका सेलचा सोळावा हिस्सा!

पडद्यात दारेही आहेत, आणि प्रत्येक दार ठराविक मालाचे. इशारा आला की सोडियमची दारे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत उघडतात आणि सोडियम आत लोटते. हीच ती विजेची लाट. दारे लगेच बंद होतात. मग कॅल्शियमची दारे उघडतात आणि जरा रेंगाळतात. त्या कॅल्शियमने मांसतंतू आखडतो, म्हणजे ठोका पडतो. शेवटी पोटॅशियम बाहेर जाऊन पूर्वीचा दाब परत आणते. दारांचे हे गणित हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली समुद्रातल्या एका माखलीच्या जाड मज्जातंतूवरून मांडले आणि १९६० मध्ये डेनिस नोबल यांनी ते हृदयाला लावून दाखवले. मुख्य ठिपक्यातल्या पेशींत एक निराळेच दार आहे. पेशी विसाव्यात गेली की ते उघडते आणि हळूहळू तिला पुढच्या ठोक्याकडे नेते. १९७९ साली त्याचा शोध लागला तेव्हा शास्त्रज्ञ इतके चक्रावले की त्यांनी त्या प्रवाहाला 'विचित्र प्रवाह' असेच नाव दिले.

मंडळी, आता आम्ही ज्यासाठी हे सारे सांगितले त्या मुद्द्याकडे येतो. मज्जातंतूतली लाट सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागात संपते. हृदयाच्या पेशीतली लाट त्याच्या शेकडो पट लांब, जवळजवळ पाव सेकंद टिकते. एवढा वेळ सोडियमची दारे कुलूपबंद असतात. या काळात दुसरा इशारा आला तरी पेशी तो घेत नाही. हुकूम कोणाचाही असो, उत्तर एकच: आधीचे काम पुरे होऊ द्या.

याचे महत्त्व ओझे वाहणाऱ्याला चटकन कळेल. पोते खांद्यावर धरून आपण उभे राहिलो तर दंडाचे स्नायू सारखे आखडून राहू शकतात, पार थरथर सुटेपर्यंत. हृदयाला असे आखडून राहता येत नाही. प्रत्येक ठोक्यानंतर त्याला सैल पडावेच लागते, कारण सैल पडल्याशिवाय त्यात रक्त भरणार नाही, आणि न भरलेले हृदय कितीही आवळले तरी देणार काय? त्याहून मोठी गोष्ट अशी की, हृदयाच्या डाव्या भिंतीला तिचे स्वतःचे रक्त मुख्यतः या सैल पडण्याच्या वेळीच मिळते. आखडलेल्या भिंतीत तिच्याच रक्तवाहिन्या चेपल्या जातात. म्हणजे हृदय जेवते ते सुट्टीत. आणि ही सुट्टी आळसाची नव्हे. आत आलेले कॅल्शियम उचलून परत जागेवर ठेवावयाचे असते, सोडियम बाहेर काढावयाचे असते. सैल पडण्यालाही इंधन जळते.

आता हिशेब पाहा. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यांपैकी खालचे कप्पे आखडलेले असतात सुमारे ०.२७ सेकंद, आणि सैल असतात ०.५३ सेकंद. दिवसाचे एक लाख आठ हजार ठोके होतात. चोवीस तासांची बेरीज केली तर आवळण्याचे काम भरते आठ तास आणि काही मिनिटे! हा हिशेब प्रथम मांडला त्या रात्री आम्ही तो तीनदा तपासला. निसर्गाने आठ तासांचा कायदा केला आहे असे आम्ही म्हणत नाही. माणसाच्या हक्कांचा निवाडा बेडकाच्या हृदयावरून होत नसतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली, ती शरीरशास्त्राचा दाखला देऊन नव्हे. परंतु जन्मापासून मरेपर्यंत न थांबणारे म्हणून ज्याची आपण स्तुती करतो, ते प्रत्येक ठोक्याला थांबते आणि म्हणूनच टिकते, एवढे तरी या हिशेबाने कळते.

आणि ठोके वाढले म्हणजे? मिनिटाला २०० ठोके झाले तर एका ठोक्याला ०.३ सेकंद मिळतात. त्यांत काम ०.१६ आणि विसावा ०.१४. कामाचा वेळ ०.२७ वरून ०.१६ वर आला, पण विसाव्याचा ०.५३ वरून ०.१४ वर. घाई झाली की कापली जाते ती मुख्यतः सुट्टी. मोंढ्यातला हंगाम ज्याने पाहिला आहे त्याला हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही.

आता विंचवाकडे परत येऊ. लाल विंचवाचे विष मुख्यतः मज्जातंतूंच्या सोडियमच्या दारांवर बसते आणि त्यांना नीट बंद होऊ देत नाही. दार उघडेच राहिले की तंतू सारखा पेटलेला राहतो. आधी घाम, लाळ, उलट्या. मग शरीरातली भीतीची आणि धावपळीची द्रव्ये पुराच्या पाण्यासारखी रक्तात येतात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्ताचा दाब वाढतो, हृदयाला त्या दाबाविरुद्ध रक्त लोटावे लागते आणि वर चाबूकही बसतो. ओझे दुप्पट आणि विसावा तुटपुंजा. डावा कप्पा थकतो, मागचे रक्त फुफ्फुसात तुंबते, पाणी पाझरते. आमच्या जोडीदाराच्या तोंडचा गुलाबी फेस तो हाच. ज्याला फक्त दंशाच्या जागी आग होते आणि दुसरे काही होत नाही, त्याला बहुधा जिवाचा धोका नसतो. आम्ही धोका मोजला तो ओरडण्यावरून. मोजावयाचा होता घामावरून.

हे ज्याने ओळखले तो आपल्याच बाजूचा माणूस. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीस असताना त्यांनी विंचूदंशाचे रोगी तरणेताठे असून दगावताना पाहिले. रोग्याच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी लक्षणे टिपली: उलट्या, भरपूर घाम, गार हातपाय. ही लक्षणे हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना आहेत, असे त्यांनी १९८२ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडले. मग उपाय शोधला. तोवर थकलेल्या हृदयाला नाना औषधांनी हाकण्याकडे कल असे. बावस्करांनी रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली, आणि १९८६ साली तेही 'लॅन्सेट'मध्येच आले. गंभीर रोग्यांत पूर्वी शंभरात तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. पुढे विंचवावरची लसही आली. गोळीबरोबर ती दिली तर रोगी लवकर सावरतो, हे बावस्कर दांपत्याने २०११ साली दाखवले. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

उपायाचे मर्म पाहा. थकलेल्याला चाबूक मारला नाही, त्याचे ओझे उतरवले. पोत्याचे वजन पन्नास किलोंवर आणावे म्हणून हमालांच्या संघटना ज्या कारणासाठी भांडल्या, तेच कारण येथे आहे.

आमचा जोडीदार गेला १९९४ साली. उपाय छापून आला होता १९८६ साली. आठ वर्षे! शोध लावणारा शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेला, गोळी स्वस्त, आणि तरी ती गोष्ट मोंढ्यातल्या गोदामापर्यंत आली नव्हती. दोष विंचू उतरवणाऱ्या म्हाताऱ्याला देऊन आम्हांला मोकळे होता येत नाही. त्याच्याकडे आम्ही नेले. मजुरी बुडेल हा हिशेब आम्ही केला. पुढारी म्हणवणाऱ्याने आपल्या माणसांच्या जिवाशी संबंध असलेले ज्ञान मिळवले नाही, हा दोष आमचा. त्या बाईंना आम्ही नुकसानभरपाईच्या कागदावर अंगठा करावयास सांगितला, तेव्हा त्यांनी विचारले, "दुखत नव्हतं म्हणाले होते ना?" त्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज आहे, पण ऐकणारीला त्याचा उपयोग नाही. आपल्याला मात्र आहे, म्हणून ते येथे सांगितले.

आता वैशाख आला. उन्हाने आणि मग पहिल्या पावसाने विंचू बाहेर निघतील. आमच्या संघटनेने गोदामाच्या भिंतीवर चार ओळी रंगवल्या आहेत, त्याच वाचून दाखवतो.

एक: पोत्याखाली, चपलेत, सरपणात, अंथरुणात हात-पाय घालण्याआधी झटका आणि पाहा.

दोन: लहान लाल विंचवाला क्षुल्लक समजू नका, मोठ्या काळ्याहून तो घातक आहे.

तीन: घाम, उलटी, गार हातपाय दिसले तर एक क्षण न दवडता दवाखान्यात न्या. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.

चार: कापू नका, आवळून बांधू नका, घरी मनाने गोळी देऊ नका. दंशाची वेळ आणि घाम सुटल्याची वेळ डॉक्टरांना सांगा.

त्या चार ओळींखाली एका पोराने स्वतःहून पाचवी ओळ लिहिली आहे: 'मजुरी बुडाली तर संघटना देईल.' आम्ही ती पुसली नाही. पुढच्याच बैठकीत तसा ठराव करून घेतला, आणि तेव्हापासून तो पाळला जातो. आपल्या वस्तीत, वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडावर, हळदीच्या शेतात या ओळी कोणी सांगितल्या, तर आजच्या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.

वेळ झाली आहे. आपण तासभर शांतपणे ऐकून घेतलेत. तेवढ्यात आपल्या प्रत्येकाच्या हृदयाने साडेचार हजार वेळा काम केले आणि साडेचार हजार वेळा सुट्टी घेतली. आता आम्हांलाही ती द्यावी, ही विनंती.